नेक एकीची, बॉडी दुसरीची

सेकंडहँड इलेक्ट्रिक गिटार विकायला निघते तेव्हा तिच्यावर बहुधा एकच नाव आणि एकच साल चिकटवलेलं असतं. ‘फेंडर स्ट्रॅटोकास्टर, 1966’ म्हणायचं आणि भाव सांगायचा. गिटार उघडल्यावर मात्र नेक एका काळातली, बॉडी दुसऱ्या काळातली आणि ब्रिज भलत्याच देशातला निघू शकतो. अशा गिटारला संग्राहक ‘मोडलेली’ म्हणतात. वाजवणारे म्हणतात, सूर लागतोय ना, मग कुळाची चौकशी कशाला? आमच्या मते चौकशी व्हायलाच हवी. मात्र ती पूर्ण गिटारची नको, एकेका भागाची हवी.

याचं कारण या वाद्याच्या घडणीतच आहे. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचे लिओ फेंडर मुळात रेडिओ दुरुस्त करणारे. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. 1954 साली बाजारात आलेल्या स्ट्रॅटोकास्टरची नेक बॉडीला चिकटवलेली नाही, चार स्क्रूंनी आवळलेली आहे. पिकअप, स्विच, पॉट (आवाज आणि टोन कमीजास्त करणारे भाग) असं सगळं पिकगार्डला टांगलेलं असतं आणि तो स्क्रू काढून उचलता येतो. एखादा भाग खराब झाला तर तेवढाच बदलावा, या हिशेबानेच ती बेतलेली आहे. सत्तर वर्षं तसंच होत आलं, तर त्याला भ्रष्टपणा म्हणणं अन्यायाचं आहे.

पण या सोयीमुळेच पुरावेही विखुरतात. 1976 पर्यंत फेंडरचा अनुक्रमांक नेकमागच्या धातूच्या पट्टीवर असे. पट्ट्या क्रमाने लावल्याच जात असं नाही, आणि पट्टी बदलणं तर चार स्क्रूंचं काम. तरीही खरेदीदार पहिल्यांदा तोच आकडा शोधतात. नेकच्या टाचेवर, म्हणजे बॉडीच्या खाचेत बसणाऱ्या टोकावर, पेन्सिलीने लिहिलेली किंवा शिक्क्याने उमटवलेली तारीख पुष्कळदा सापडते आणि ती जास्त भरवशाची असते. पण तीही फक्त नेक कधी तयार झाली एवढंच सांगते. पॉटवर बहुधा सात आकडे असतात. पहिले तीन बनवणाऱ्याचे (137 म्हणजे सीटीएस, 304 म्हणजे स्टॅकपोल), पुढचे दोन सालाचे, शेवटचे दोन आठवड्याचे. सीबीएस या अमेरिकन कंपनीने 1965 साली 1 कोटी 30 लाख डॉलरला फेंडर विकत घेतल्यानंतर पॉटची मोठी खरेदी झाली. त्यामुळे 1966 चे पॉट त्या दशकाच्या अखेरीस बनलेल्या गिटारींतही आढळतात. पॉटवरच्या सालाआधी तो पॉट गिटारमध्ये बसलेला नाही, एवढंच त्यावरून ठरतं. पुढे किती वर्षांनी बसला, हे ठरत नाही.

काही खुणा त्याहून ठाम असतात. 1971 च्या अखेरीपासून सुमारे दहा वर्षं स्ट्रॅटोकास्टरची नेक तीन स्क्रूंवर बसवली जात होती. चार भोकांच्या बॉडीत तीन भोकांची नेक दिसली, तर वादाला जागाच उरत नाही. ब्रिजवर दोन टोकांच्या तारांमधलं अंतर जुन्या अमेरिकन मापात सुमारे 56 मिलिमीटर असतं. आशियात बनणाऱ्या अनेक गिटारींत ते साडेबावन्नच्या आसपास भरतं. घासलेला रंग मात्र पुरावा मानू नये. 1995 पासून फेंडरचं कस्टम शॉप नव्या गिटारी मुद्दाम जुनाट करून विकत आलं आहे.

मूळ शोधण्याला आणखी एक बाजू आहे आणि तिचा संबंध थेट आपल्या जंगलांशी येतो. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात फेंडरच्या फ्रेटबोर्डवर ब्राझीलच्या रोझवूडच्या जागी भारतीय रोझवूड, म्हणजे आपलं शिसव, आलं. बाजारात ब्राझीलच्या लाकडाचा मान मोठा, म्हणून कुठल्याही काळपट फ्रेटबोर्डला विक्रेते ‘ब्राझिलियन’ म्हणून टाकतात. पण 1992 पासून ते झाड आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सर्वांत कडक यादीत आहे आणि अशी गिटार सीमेपार न्यायची तर परवाने लागतात. भाव वाढावा म्हणून केलेला दावा घेणाऱ्याला कस्टम्समध्ये अडकवू शकतो.

वाजवणाऱ्यांच्या बाजूने सर्वांत मोठी साक्ष गिटारवादक एरिक क्लॅप्टनच्या ‘ब्लॅकी’ या गिटारची. 1970 साली नॅशव्हिलमध्ये त्याने काही जुन्या स्ट्रॅटोकास्टर घेतल्या, तीन मित्रांना दिल्या आणि उरलेल्या तिघींचे चांगले चांगले भाग जोडून ही एक उभी केली. 2004 साली क्रिस्टीजच्या लिलावात तिला 9,59,500 डॉलर आले. पुढे फेंडरने तिच्या हुबेहूब प्रतीही काढल्या. मिश्र भागांची गिटार हलकी असते, हा समज इथे टिकत नाही. पण ब्लॅकीचं मोल तिचा इतिहास उघडपणे ठाऊक असण्यात आहे, हेही विसरता येणार नाही. निनावी गिटारला तो आधार नसतो, म्हणून तिच्याबाबत खरं बोलण्याची जबाबदारी उलट वाढते.

संग्राहकांचा आग्रह आम्हाला एका ठिकाणी पूर्ण पटतो. अखंड, मूळ अवस्थेतली जुनी गिटार कोणी खोलून सुटी विकू नये. सुट्या भागांची बेरीज कधीकधी पूर्ण गिटारपेक्षा जास्त होते, म्हणून हे घडतं, आणि त्यात गेलेली गिटार पुन्हा उभी राहत नाही. मात्र त्यांच्यातल्या काहींची तपासणीची हौस आम्हाला मान्य नाही. कारखान्यातला डाख जसाच्या तसा असणं हाच मोठा पुरावा. पिकअपखालची तारीख पाहायला तो सोडवला, तर मिळालेल्या माहितीपेक्षा गमावलेली जास्त असते. तारा सैल करून नेक उतरवावी, पिकगार्ड उचलावा, फोटो घ्यावेत आणि तिथेच थांबावं. एवढ्याने बॉडीचा ठाव लागला नाही, तर ‘बॉडी अज्ञात’ असं लिहावं. अशा गिटारचा भावही भागांप्रमाणेच धरावा. खऱ्या नेकचे पैसे खऱ्या नेकचेच, आणि अनोळखी बॉडीसाठी वाजवण्यालायक बॉडीचे, त्याहून एक रुपया जास्त नाही.

वाजवणाऱ्यानेही एक पथ्य पाळावं. 1977 पर्यंत स्ट्रॅटोकास्टरला तीन जागांचा स्विच होता. पाच जागांचा बसवायची इच्छा कुणालाही होईल, आणि ते जरूर करावं. पण काढलेला स्विच, जुने स्क्रू, पॉट एका पिशवीत घालून गिटारच्या केसमध्येच ठेवावेत आणि गिटार विकताना पिशवीही सोबत द्यावी. कोणत्या साली काय बदललं, याची चिठ्ठी आत असली तर पुढच्याला डाखाला हात लावण्याची गरजच पडणार नाही.