आयती चौकट

आपल्या या अंकाचे साहित्य छापखान्यात गेले की छापखानेवाला पहिला प्रश्न विचारतो तो आकाराचा. डेमी की क्राऊन? लेख बरा आहे की वाईट, याची त्याला फिकीर नसते. पण कागद केवढा हे कळल्याशिवाय तो एक ओळ लावीत नाही. वाचकहो, हा प्रश्न मला आज फार शहाणपणाचा वाटतो. कारण गेल्या वर्षी आम्ही पाच जणांनी जे काम अंगावर घेतले, त्यात तो कोणी विचारलाच नाही.

काम असे होते. वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाला येणाऱ्यांत मराठी आणि कन्नड माध्यमातून आलेले बरेच असतात. शाळेत नाहीतर घरच्या दुकानात कीर्द, खतावणी, नावे, जमा हे शब्द कानावरून गेलेले असतात. इथे तेच जर्नल, लेजर, डेबिट, क्रेडिट होऊन समोर येतात आणि माणूस बावरतो. मीही बावरले होते. तेव्हा हिशेबशास्त्राचे उजळणीचे धडे ई-लर्निंगच्या पद्धतीने तयार करावेत, प्रत्येक इंग्रजी संज्ञेखाली तिचा मराठी व कन्नड शब्द द्यावा, आणि मुलांनी ते मोबाइलवर पाहावेत, असे ठरले.

पॉवरपॉइंट उघडले, समोर कोरी स्लाइड आली, आणि आम्ही लिहायला बसलो. स्लाइडची लांबी-रुंदी किती, हे पाहण्याची गरजच वाटली नाही. रुंद दिसत होती, मोकळी वाटत होती. इंग्रजी शब्द 24 पॉइंटांत, खाली मराठी व कन्नड 14 पॉइंटांत, अशा 46 स्लाइड झाल्या. महाविद्यालयाच्या संगणकावर त्या देखण्या दिसल्या, कौतुकही झाले.

मग माझ्या कन्नड माध्यमातून आलेल्या मैत्रिणीने बसमध्ये धडा उघडला आणि मला विचारले, "अगं, आमचं कन्नड कुठं गेलं ह्यातलं?"

कन्नड होते. दिसत नव्हते एवढेच. माझे मराठीही दिसत नव्हते.

त्या रात्री मी फूटपट्टी घेऊन बसले. माझा मोबाइल साडेसहा इंची. उभा धरला की पडद्याची रुंदी भरते 68 मिलिमीटर. स्लाइडची रुंदी 13.33 इंच, म्हणजे सुमारे 339 मिलिमीटर. सारे काही एक-पंचमांश होऊन जाते. 24 पॉइंटांचे इंग्रजी अक्षर पाचाच्याही आत येते आणि 14 पॉइंटांचे मराठी-कन्नड तिनाच्याही खाली! वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिराती याहून मोठ्या टायपात असतात. त्यात आपल्या लिप्यांचा स्वभाव वेगळा. मराठीत वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि खाली उकार. कन्नडमध्ये तर जोडाक्षरातले दुसरे अक्षर लहान होऊन पहिल्याच्या खाली बसते. जागा वाचविण्यासाठी आम्ही ओळींतले अंतर कमी केले होते, त्यामुळे वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडले. इंग्रजी त्याच जागेत निभावून गेले. ज्यांच्यासाठी खटाटोप केला ते दोन शब्द मात्र बुडाले.

आता ही चौकट आली कोठून? सॉफ्टवेअरच्या भाषेत तिला डिफॉल्ट म्हणतात. आपण आयती म्हणू. आपण काही ठरविले नाही तर जी मिळते ती. पण कोणीतरी ती ठरविलेली असतेच. पॉवरपॉइंट 1987 साली आले. त्याची नवी स्लाइड बराच काळ 10 इंच रुंद आणि 7.5 इंच उंच असे, म्हणजे चारास तीन. हे जुन्या टेलिव्हिजनचे प्रमाण, आणि त्याआधी मूकपटाचे. पडदे रुंद झाले तेव्हा 2013 च्या आवृत्तीपासून ती 13.33 बाय 7.5 झाली, सोळास नऊ. ई-लर्निंगचे धडे बांधण्याचे स्टोरीलाइन हे सॉफ्टवेअर 2012 साली आले; त्यातही नवी फाइल बराच काळ 720 बाय 540 पिक्सेलची, पुन्हा चारास तीन अशीच, उघडत असे. यातली कुठलीही चौकट बसमध्ये एका हाताने दांडी आणि दुसऱ्या हाताने मोबाइल धरणाऱ्या मुलीकडे पाहून आखलेली नाही. याचा मला राग नाही. कंपनीने आमची चौकशी का करावी? चौकशी आम्ही करायची होती.

फूटपट्टीने आणखी एक गंमत दाखविली. मोबाइल आडवा धरला तर रुंद स्लाइडवर आणि जुन्या चारास-तीन स्लाइडवर अक्षर अगदी सारखेच दिसते, कारण दोहोंची उंची 7.5 इंचच. उभा धरला तर जुन्या स्लाइडवरचे 24 पॉइंटांचे अक्षर 6.4 पॉइंटांचे दिसते, रुंद स्लाइडवरचे 4.8. म्हणजे रुंदीने जागा वाढली, अक्षर वाढले नाही. उलट उभ्या मोबाइलवर घटले. आणि वाढलेल्या जागेत आम्ही आणखी मजकूर कोंबला!

आमच्या एका सरांचे म्हणणे असे, की आता प्रोजेक्टर व लॅपटॉप सारे रुंद झाले आहेत, चारास तीन घेतले तर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात आणि ते जुनाट दिसते. दिसते हे खरेच. पण धडे वर्गातल्या भिंतीसाठी आहेत की मोबाइलसाठी, हे आधी ठरू द्या. दुसरा उपाय रायझसारख्या साधनांचा. त्यात स्लाइडच नसते, मजकूर पडद्याच्या रुंदीप्रमाणे स्वतःच वाहतो. निबंधवजा धड्याला ते उत्तम. पण शेजारी ठेवलेले दोन रकाने मोबाइलवर एकाखाली एक येतात, आणि नावे व जमा समोरासमोर नसतील तर ते खाते कसले?

पूर्वीचे दिवाणजी लांबट वहीच्या कागदाला घड्या घालून रकाने पाडीत आणि मगच पहिली रक्कम लिहीत. आम्हांलाही एवढेच करायचे होते. डिझाइनमध्ये जाऊन स्लाइड साइझ ठरवायची, ती थीम जतन करायची आणि तीच डिफॉल्ट म्हणून नेमायची. मग नवी फाइल त्याच मापाची उघडते. स्टोरीलाइनमध्ये स्टोरी साइझ ठरवून टेम्पलेट ठेवता येते. पाच मिनिटांचे काम. विभागाने जूनमध्ये बसून एक माप नक्की करावे, अशी माझी विनंती आहे. माझे मत चारास तीनला, 28 पॉइंटांहून लहान अक्षर नको याला, आणि मराठी व कन्नड इंग्रजीइतक्याच आकारात असावे याला. एका स्लाइडवर तिन्ही मावत नसतील तर दोन स्लाइड कराव्यात. स्लाइडला कागदाचा खर्च नाही.

आयते माप नंतर बदलायचे म्हणजे काय, हे आम्ही भोगतो आहोत. सॉफ्टवेअर विचारते, मजकूर मोठा ठेवू की मावेल असा लहान करू? काहीही सांगा, प्रत्येक स्लाइड हाताने पुन्हा लावावी लागते. तीन संध्याकाळी गेल्या, 19 स्लाइड झाल्या. तेरीज अजून तशीच पडली आहे.

झालेल्यांपैकी घसाऱ्याची स्लाइड मी त्याच मैत्रिणीला दाखविली. या वेळी तिला दोन बोटांनी पडदा ताणावा लागला नाही. तिने सरळ वाचले आणि म्हणाली, "'सवकळी'तला ळ चुकलाय की गं. ल लिहिलाय तुम्ही." वर्षभर ती चूक तिथेच होती.