मुलांच्या हातची नानकटाई

सुटींत मुलें स्वयंपाकघरांत लुडबुडूं लागलीं, कीं आम्ही त्यांस नानकटाई करावयास बसवितों. १ वाटी थिजलेलें तूप व १ वाटी पिठीसाखर पांढरीशुभ्र होईतों हातानें फेसावी. मग २ वाट्या मैदा व वेलचीपूड मिसळावी. पाणी मुळींच घालूं नये. लिंबाएवढे गोळे वळून किंचित् चपटे करणें, चारोळी टोंचणें हें मुलांकडे. पातेल्यांत वाळू तापवून, तीवर ताटली ठेवून, झांकण घालून मंदाग्नीवर भाजणें मात्र मोठ्यांचेंच काम. गरम असतां नानकटाई मऊच लागते. निवल्यावर खुसखुशीत होते. तोंवर मुलांस थोपविणें कठीण!

पहिल्या खेपेस आम्हीं धाकट्याचे वेडेवांकडे गोळे मागाहून नीट वळले. “ही माझी नव्हे,” म्हणून त्यानें ती खाल्लीच नाहीं. आतां पाहुण्यांपुढेंही आम्ही त्याची वांकडी नानकटाईच ठेवितों.