पंचनाम्याविना तपास

आमच्या सीमाभागात भाषेवरून कितीही वाद असोत, एका बाबतीत गल्लीत एकमत असते. रात्री ‘सी.आय.डी.’ लागली की मराठी घर असो की कन्नड, सगळे टीव्हीसमोर. मराठी घरांना तर वर एक अभिमान, की एसीपी प्रद्युम्न म्हणजे आपले शिवाजी साटम. जानेवारी १९९८ मध्ये सुरू झालेली ही मालिका २०१८ साली थांबली आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा आली. मीही ती वर्षानुवर्षे पाहिली आहे. तेव्हा हे भांडण घरातलेच समजावे.

मालिकेतल्या तपासाच्या चुका काढायला फार अक्कल लागत नाही. कडी वाजवण्याआधी दयाने दार मोडायचे. शवविच्छेदन, विषपरीक्षा, बोटांचे ठसे सगळे एकट्या डॉ. साळुंखे यांनी एकाच खोलीत उरकायचे. प्रत्यक्षात शवविच्छेदन सरकारी दवाखान्यातला डॉक्टर करतो आणि व्हिसेरा लाखेचे सील लावून प्रयोगशाळेकडे जातो. अहवालाची वाट किती पाहावी लागते, ते ज्याच्या घरात अशी वेळ आली त्याला विचारावे. पण या चुका मी माफ करतो. गोष्टीला वेळ थोडा असतो.

माझी तक्रार वेगळी आहे. ही भोके नेहमी एकाच जागी का पडतात? शेवटच्या पाच मिनिटांत संशयिताला खडसावायचे, नाहीतर दयाची एक थप्पड, की तो घडाघडा बोलू लागतो. मग एसीपी साहेब त्याला फाशीची ग्वाही देतात आणि खेळ खलास! फाशी द्यायची ती सत्र न्यायाधीशाने, आणि तीही उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. इथे ते काम अर्ध्या मिनिटात.

त्या कबुलीची किंमत काय? शून्य. पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, हे १८७२ च्या पुरावा कायद्याच्या २५ व्या कलमात लिहिले होते. १ जुलै २०२४ पासून नवा साक्ष अधिनियम आला, त्यातही ते तसेच आहे. अपवाद एवढाच की, आरोपीने सांगितल्यावरून एखादी वस्तू सापडली तर सांगण्याचा तेवढा भाग पुराव्यात येतो. जुन्या कायद्यात हे २७ वे कलम. आणि वस्तू खरोखर त्यानेच दाखवली, याची ग्वाही द्यायची कुणी? पंचांनी. म्हणजे तुम्ही-आम्ही. मालिकेत नेमके हेच दोन पंच कधी दिसत नाहीत.

तुम्ही म्हणाल, गुरुजी, करमणूक आहे ती, एवढे काय मनाला लावून घेता? लावून घेतो, कारण मी पंच होतो.

२००१ साली आमच्या शेजाऱ्यांकडे चोरी झाली. तांब्या-पितळेची भांडी आणि वहिनींच्या पाटल्या गेल्या. चार दिवसांनी एका पोराला धरले. जमादार मला आणि कोपऱ्यावरच्या हॉटेलवाल्याला घेऊन गावाबाहेरच्या मळ्यात गेला. आम्ही पोचलो तेव्हा भांडी गवताच्या गंजीजवळ ओळीने मांडलेली होती. पोरगा खाली मान घालून बसला होता. जमादाराने कागद पुढे केला, ‘‘गुरुजी, इल्ली सही माड्री.’’ कागद कन्नडमध्ये. बाजारापुरते कन्नड मी बोलतो, लिपी मला येत नाही. हॉटेलवाला कन्नड शाळेत शिकलेला, त्याला वाचून दाखवायला सांगितले असते तर त्याने आनंदाने दाखवले असते. मला घरी जायची घाई होती. मी मराठीत सही ठोकली.

तीन वर्षांनी कोर्टात कागदाचा अर्थ कळला. आरोपीने आम्हा दोघा पंचांसमक्ष गंजीतून भांडी काढून दिली, असे त्यात लिहिले होते. आरोपीच्या वकिलाने विचारले, ‘‘गुरुजी, कन्नड वाचता येते?’’ नाही. ‘‘कुणी वाचून दाखवले?’’ नाही. ‘‘भांडी काढताना तुम्ही पाहिलीत?’’ नाही.

पोरगा सुटला. शेजाऱ्यांना भांडी मिळाली, पाटल्या गेल्या त्या गेल्याच. वहिनी पुढे कित्येक वर्षे माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यांचा राग मी समजू शकतो. पण रात्री झोप उडवतो तो दुसराच विचार. तो पोरगा चोर होता की नव्हता, हे मला आजही ठाऊक नाही आणि तरीही त्याच्याविरुद्ध माझी सही होती. दोष कन्नड लिपीला देऊ नये. तोच कागद मराठीत असता तरी मी तो वाचला असता, याची खात्री मला नाही. पंचनामा म्हणजे नुसती खर्डेघाशी, खरा तपास दार मोडण्यात आणि थप्पड मारण्यात, ही समजूत माझ्याही डोक्यात पक्की बसली होती. ती कुठून आली, हे वेगळे सांगायला नको.

मालिकावाल्यांकडे वेळ नाही, कसब नाही, असेही नाही. याच ‘सी.आय.डी.’ने २००४ साली १११ मिनिटांचा एक भाग एकाही कटाशिवाय चित्रित करून विक्रम केला. १११ मिनिटे कॅमेरा न थांबवणाऱ्यांना, घाबरलेले दोन पंच एका कागदावर वाकले आहेत, हे एक मिनिट दाखवणे अशक्य होते काय? आणि ते दृश्य रंगले नसते काय? तो सही करेल की नाही, यात थपडेपेक्षा जास्त उत्कंठा आहे!

नव्या कायद्याने झडती-जप्तीचे चित्रीकरण सक्तीचे केले आहे. चांगलेच झाले. तरी कागद उरतोच आणि त्याखालची सहीही. तेव्हा उद्या तुमच्या दाराशी पंच व्हायला बोलावणे आले तर जा, टाळू नका. कागद मराठी असो की कन्नड, शेवटच्या ओळीपर्यंत वाचून घ्या. जे डोळ्यांनी पाहिले नाही ते त्यात असेल, तर काढून टाकायला सांगा. जमादार चिडेल. चिडू द्या.