जाकीट हवेच, पायरीही हवी

आष्टी तालुक्यासारख्या अवर्षणप्रवण भागातून सहली मालवण-तारकर्लीस जातात आणि पोहता न येणारी आपली माणसेही तेथे हौसेने वॉटर स्कूटरवर बसतात. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघे दगावले. अशा अपघातांनंतर जाकिटांची चर्चा होते, व ती रास्तच आहे. परंतु जाकीट माणसास तरंगत ठेवते, वर चढवीत नाही. पाण्यात हलके भासणारे शरीर बाहेर येऊ लागताच त्याचे सारे वजन हातांवर येते. स्थूल वा वयस्क माणसाचे बळ तेथेच सरते. बाजूने चढू गेल्यास स्कूटर कलंडते. म्हणून इंजिन बंद करून मागूनच चढावे लागते. तेथे पाण्याखाली उतरणारी दुमडती पायरी असल्यास हातांवरचा भार पाय उचलतात.

पायरीचा खर्च व्यावसायिकाने करावयाचा आणि तिच्या अभावाची किंमत मात्र गिऱ्हाइकाने मोजावयाची, असा हा व्यवहार आहे. न दिसणाऱ्या धोक्याचे मोल बाजार करीत नाही. यास्तव परवान्याच्या अटींतच पायरी सक्तीची करावी. आणि तोवर सहल नेणाऱ्या शिक्षकांनी भाडे ठरविण्यापूर्वी पायरीची चौकशी करावी.