परीक्षा बालवाडीची घ्यावी

चेक प्रजासत्ताकातील ओस्त्रावा हे कोळसा आणि पोलादाचे जुने शहर. 1999 मध्ये तिथल्या शाळांचे पट एकत्र करून एक साधा हिशेब मांडला गेला. सौम्य बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांसाठीच्या ‘विशेष शाळां’त रोमा, म्हणजे पूर्वी ‘जिप्सी’ म्हटल्या जाणाऱ्या समाजाची, मुले किती आहेत, आणि इतर किती? उत्तर असे निघाले की रोमा मूल या शाळेत पाठवले जाण्याची शक्यता इतर मुलाच्या 27 पट आहे. या हिशेबाच्या आधारे ओस्त्रावाच्या 18 रोमा मुलांच्या वतीने युरोपीय मानवाधिकार न्यायालयात दाद मागण्यात आली. 2006 मध्ये तिथल्या सात न्यायाधीशांच्या पीठाने दावा फेटाळला. 13 नोव्हेंबर 2007 रोजी महापीठाने 13 विरुद्ध 4 मतांनी तो मान्य केला आणि कुणा अधिकाऱ्याचा दुष्ट हेतू सिद्ध झाला नसला तरी आकडेवारीवरून भेदभाव सिद्ध होऊ शकतो, असे स्पष्ट केले. पालकांनी संमतीच्या कागदावर सह्या केल्या होत्या, हा सरकारचा बचावही टिकला नाही. आपण कशावर सही करतोय हे ज्यांना कुणी नीट सांगितलेच नाही, त्यांच्या सहीला काय किंमत?

रोमा मुलांच्या शिक्षणासाठी संशोधन हवे की नको, या वादात हवे म्हणणाऱ्यांचा सगळ्यात भक्कम पुरावा हाच. मोजणी झाली नसती तर त्या वेगळ्या शाळा मुलांच्या भल्याच्याच मानल्या गेल्या असत्या. शिक्षक तसे मनापासून मानतही होते.

पण नको म्हणणाऱ्यांचाही एक पुरावा आहे, आणि तो ऐकल्याशिवाय पुढे जाणे बरे नव्हे. जर्मनीतील मुल्फिंगेन गावात कॅथलिक जोगिणींच्या अनाथाश्रमात रोमा आणि सिंती (रोमांचीच एक शाखा) मुले ठेवली होती. त्यांचे आईवडील नाझी छळछावण्यांत होते. एफा युस्टिन नावाची संशोधक तिथे आली, मुलांशी खेळली, त्यांची निरीक्षणे टिपली आणि त्यावर डॉक्टरेट मिळवली. रोमा मूल भल्या घरात वाढवले तरी त्याचे ‘रक्त’ बदलत नाही, हा तिचा सिद्धान्त. तिचे काम होईपर्यंत मुलांना आश्रमात राहू दिले होते. 9 मे 1944 रोजी त्यांतील 39 मुलांना आउशवित्झला नेले, चार वाचली. युद्धानंतर याच बाईंना फ्रँकफुर्टच्या आरोग्य खात्यात नोकरी मिळाली, तीही मुलांच्या मानसशास्त्राची.

हा इतिहास संपला म्हणावे, तर 2013 मध्ये स्वीडनच्या दक्षिण भागातील पोलिसांकडे रोमा कुटुंबांची एक यादी सापडली. तीत चार हजारांहून अधिक नावे होती, त्यांतली शेकडो लहान मुलांची. अनेकांचा कुठलाच गुन्हा नव्हता, वंशावळ तेवढी होती. त्यामुळे हातात प्रश्नावली घेऊन वस्तीत शिरणाऱ्या माणसाकडे एखादी रोमा आजी संशयाने पाहत असेल, तर तिला अडाणी म्हणण्याचे कारण नाही.

या संशयाचा परिणाम आकड्यांत दिसतो. स्लोव्हाकियाच्या 2011 च्या जनगणनेत सुमारे 1 लाख 5 हजार लोकांनी स्वतःला रोमा म्हणवले. दोनच वर्षांनी तिथल्या रोमा वस्त्यांच्या नकाशासाठी स्थानिक माहितगारांच्या मदतीने अंदाज बांधला, तो 4 लाखांच्या वर गेला. एका देशातले हे दोन आकडे. बालवाडीत किती रोमा मुले यायला हवी होती आणि किती आली, हा हिशेब कुठल्या आकड्याला धरून करायचा? पहिला धरला तर दर चारांतली तीन मुले हिशेबातून गळतात. दुसरा धरला तर शेजारी ज्याला रोमा म्हणतो तो रोमा, ही व्याख्या मान्य करावी लागते. आमच्या मते यातला दुसरा दोष पत्करावा, पण दोन अटींवर: मुलाच्या नावासमोर जमातीचा शिक्का बसू नये, आणि मोजणारे व मोजणीचा अर्थ लावणारे यांत रोमा माणसे असावीत, नुसती दुभाषी म्हणून नव्हे.

मोजायचे ठरले, की पुढचा प्रश्न येतो: काय मोजायचे? इथे बल्गेरियातला एक प्रयोग सविस्तर पाहण्यासारखा आहे. रोमा मुले बालवाडीत का येत नाहीत, याची उत्तरे तिथे सगळ्यांना तोंडपाठ होती. आईबापांना शिक्षणाची किंमत नाही, मुलगी लहानपणापासून घरकामाला जुंपली जाते, त्यांना समजावून सांगायला हवे, वगैरे. 2014-15 या शालेय वर्षात 236 गरीब वस्त्या निवडून त्यांची चिठ्ठ्या टाकावी तशी गटवारी केली. काही ठिकाणी बालवाडीची फी माफ केली. काही ठिकाणी फी माफ करून वर हजेरीच्या अटीवर महिन्याला 7 किंवा 20 लेव्हांची अन्नधान्याची कुपने दिली. काही ठिकाणी पालकसभा घेऊन शिक्षणाचे महत्त्व सांगितले. काही वस्त्यांना यातले काहीच नाही.

फी गेली तिथे नाव न घातलेल्या मुलांचे प्रमाण निम्म्यावर आले, हजेरीही वाढली. कुपनांनी त्यावर विशेष भर पडली नाही. आणि पालकसभांनी? नोंदणीत काही फरक पडला नाही. म्हणजे पालकांना जे पटवायला निघालो होतो ते त्यांना आधीच पटलेले होते. खिशाला परवडत नव्हते, इतकेच. रोमा संस्कृतीविषयीच्या कित्येक जाडजूड अहवालांना न उलगडलेली गोष्ट एका फीच्या पावतीने उलगडली. शेजारच्या रोमानियात मात्र हजेरीला कुपनांची जोड देण्याचा मार्ग आधी एका स्वयंसेवी संस्थेने चालवला आणि 2015 मध्ये महिना 50 लेईचा कायदा होऊन तो देशभर गेला. तो चुकला असे यावरून म्हणता येणार नाही. दारिद्र्याची जात आणि बालवाडीचा खर्च देशागणिक वेगळा असतो. पण बल्गेरियात निदान तोलून पाहिले, आणि तोलल्यावर स्वस्त उपाय महागाइतकाच कामाचा निघाला.

या प्रयोगाची दुसरी बाजू तितकी सुखाची नाही. वर्षअखेर मुलांच्या भाषेची आणि आकलनाची जी तपासणी झाली, तिच्यात नोंदणीइतके उजळ चित्र दिसले नाही. यावरून कुणी म्हणेल, मग बालवाडीचा उपयोग काय? हा तर्क आम्हाला उलटा वाटतो. घरी रोमानी बोलणारे मूल बल्गेरियन बोलणाऱ्या वर्गात जाऊन बसते. बाईंना त्याची भाषा येत नाही, गोष्टीच्या पुस्तकात त्याच्यासारखे कुणी नाही, त्यातून वर्ष संपते. अशा वर्षात ते फारसे शिकले नाही, तर नापास कोण झाले? औषध लागू पडले नाही तर डॉक्टर औषध तपासतो. शिक्षणात मात्र रोग्यालाच पुन्हा तपासायची खोड जुनी आहे.

ही खोड मोडायला संशोधनच मदत करते, हेही मान्य करायला हवे. हंगेरीतील गाबोर केर्तेशी आणि गाबोर केझ्दी या अर्थतज्ज्ञांनी 2006 च्या आठवीच्या मुलांचे गुण तपासले. रोमा आणि बिगररोमा मुलांतली दरी मोठी होती. 1980 च्या दशकात अमेरिकेत काळ्या आणि गोऱ्या मुलांमध्ये होती साधारण तेवढी. मग त्यांनी आरोग्य, घरातले वातावरण, शाळा आणि कुटुंबाची परिस्थिती हिशेबात धरली. वाचनातली दरी नाहीशी झाली, गणितातली अगदी थोडी उरली. आणि घरातल्या वातावरणातला फरकही बहुतेक सगळा आईवडिलांच्या शिक्षणात आणि उत्पन्नात सापडला. ‘रक्ता’चा सिद्धान्त मांडणाऱ्या युस्टिनबाईंना सहा दशकांनी मिळालेले हे उत्तर म्हणता येईल. तेही रोमा मुलांची माहिती गोळा करूनच मिळाले.

हंगेरीचे उदाहरण आणखी एका कारणाने महत्त्वाचे आहे. 2016 च्या युरोपीय पाहणीत ग्रीसमध्ये 28 टक्के आणि स्लोव्हाकियात 34 टक्के रोमा मुले बालवाडीत जात होती, तर हंगेरीत 91 टक्के. हंगेरीने 2015 पासून तीन वर्षांपुढच्या सर्वांना बालवाडी सक्तीचीही केली. नुसत्या आकड्यावर जायचे तर हंगेरीचा सत्कारच करायला हवा. पण त्याच देशातल्या ग्योंग्योशपाता गावी वर्षानुवर्षे रोमा मुलांना शाळेत वेगळे बसवले जात होते. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सुमारे 10 कोटी फोरिंटची भरपाई देण्याचा निकाल कायम केला. पंतप्रधान ओर्बान यांनी त्यावर जाहीर नाराजी दाखवली, आणि यापुढे अशी भरपाई पैशांत मिळू नये म्हणून त्याच वर्षी कायदा बदलण्यात आला. मूल बालवाडीत दाखल झाले म्हणजे समाजात सामावले गेले, असा अर्थ काढणाऱ्यांनी ग्योंग्योशपाताचा निकाल वाचावा.

युरोपीय संघाने 2030 पर्यंत 70 टक्के रोमा मुले बालवाडीत असावीत असे ठरवले आहे. 2021 च्या पाहणीत हे प्रमाण 44 टक्के होते, सर्वसाधारण मुलांचे 93. हे अंतर कमी करणे आवश्यकच आहे. पण त्याच पाहणीत आणखी एक आकडा होता: सहा ते पंधरा वयाच्या 52 टक्के रोमा मुलांच्या शाळेत सगळी किंवा बहुतेक मुले रोमाच होती. त्याच्या पाच वर्षे आधी हे प्रमाण 44 टक्के होते. म्हणजे दाराशी आणायचे प्रयत्न चालू असताना आतली भिंत उंच होत होती. दाखल्यांची टक्केवारी मोजणे सोपे असते, मंत्र्यांना भाषणात वापरायलाही. वर्गात कोण कुणाशेजारी बसते हे मोजायला वर्गात जाऊन बसावे लागते.

बालवाडी हाच एकमेव रस्ता आहे का, हाही प्रश्न आहे. स्लोव्हाकियात ‘ओमामा’ नावाचा उपक्रम वस्तीतल्याच रोमा बायकांना प्रशिक्षण आणि पगार देतो. त्या घरोघरी जाऊन तीनेक वर्षांपर्यंतच्या मुलांशी आणि त्यांच्या आयांशी खेळतात, बोलतात. यात दोन गोष्टी साधतात. मुलाचा पाया घरातल्या माणसांच्या हाताने घातला जातो, आणि वस्तीत पगारी, मानाची नोकरी येते. आक्षेप असा, की घरीच सोय झाली म्हणून नगरपालिका बालवाडीत जागा वाढवायचे टाळतील. हा आक्षेप खोटा नाही. स्लोव्हाकियाने 2021 पासून पाच वर्षांच्या मुलांना बालवाडी सक्तीची केली, तेव्हा जागांच्या तुटवड्याचाच प्रश्न पुढे आला. आम्हाला वाटते, तीन वर्षांआधी घर आणि तीननंतर मिश्र वस्तीची बालवाडी, असा क्रम असावा. एकाच्या नावावर दुसरे टाळता येऊ नये.

मराठी वाचकाला हे सगळे दूरचे वाटणार नाही. रोमांचे पूर्वज हजारेक वर्षांपूर्वी वायव्य भारतातून निघाले, हे भाषाशास्त्राने आणि पुढे जनुकशास्त्रानेही दाखवले आहे. त्यावरून परिषदांत गळाभेटी होतात, होऊ देत. त्याहून जवळचा धागा वेगळा आहे. 1871 च्या कायद्याने गुन्हेगार ठरवलेल्या आपल्या जमाती 1952 मध्ये विमुक्त झाल्या, पण त्यांची नेमकी संख्या किती हे बाळकृष्ण रेणके आयोगाला 2008 मध्येही अंदाजानेच सांगावे लागले. मोजले तर पोलीस ठाण्याच्या वहीत नाव जाण्याची भीती, न मोजले तर अंदाजपत्रकात नाव नाही. पालावरच्या माणसाला हा पेच ओस्त्रावाच्या रोमा माणसाइतकाच ओळखीचा आहे.

संशोधनावरचा एक आक्षेप अजून बाकी आहे, आणि रोमा कार्यकर्ते तो सर्वांत कडवटपणे घेतात. संशोधन हे न करण्याचे निमित्त बनते. ‘आणखी अभ्यास आवश्यक आहे’ या वाक्यावर कित्येक कार्यकाळ निभावून नेता येतात. 2005 ते 2015 हे ‘रोमा समावेशनाचे दशक’ म्हणून पाळले गेले; परिषदा झाल्या, निर्देशांक ठरले. चेक सरकारने ओस्त्रावाचा निकाल लागण्याआधीच ‘विशेष शाळा’ हे नाव कायद्यातून काढले होते, पण अनेक ठिकाणी इमारत, शिक्षक आणि मुले तीच राहिली. त्या मुलांसाठीचा वेगळा, पातळ अभ्यासक्रम जाण्यासाठी 2016 उजाडावे लागले, आणि बालवाडीचे शेवटचे वर्ष सर्वांना सक्तीचे व्हायला 2017.

म्हणून आम्ही दोन गोष्टी वेगळ्या काढू. मुलांना जातीवरून वेगळे बसवू नये, त्यांच्या भाषेत न घेतलेल्या चाचणीवरून त्यांना मंद ठरवू नये, गरिबाच्या मुलाला फीपायी दाराबाहेर ठेवू नये: या गोष्टींना पुरावा लागत नाही, अंमलबजावणी लागते. त्या चालतात की नाही हे कुणी प्रयोग म्हणून तपासू नये; मोडल्या तर न्यायालयात जावे. युरोपीय आयोगाने एप्रिल 2023 मध्ये रोमा मुलांच्या विलगीकरणावरून स्लोव्हाकियाला युरोपीय न्यायालयात खेचण्याचे ठरवले, ते याच न्यायाने योग्य होते, उशिरा असले तरी. संशोधनाचे काम त्यानंतरचे: रोमानी येणारी सहायक बाई वर्गात असली तर भाषा किती लवकर येते, बस पुरवली तर हजेरी किती टिकते, बिगररोमा पालक आपली मुले काढून नेतात ते कशाने थांबतात. शेवटच्या प्रश्नावर तर फारच कमी काम झाले आहे. पाहणी नेहमी रोमा आईची होते; मिश्र वर्गातून मूल काढून नेणाऱ्या आईच्या दारी प्रश्नावली घेऊन कुणी जात नाही.

आणि पुरावा हाती आला की निर्णयाला मुदत असावी. बल्गेरियाने बालवाडीची फी देशभर रद्द केली, ती 1 एप्रिल 2022 पासून. प्रयोगाच्या वर्षी ज्या वस्त्यांच्या वाट्याला काहीच आले नव्हते, तिथली पाच वर्षांची मुले तोवर बारा वर्षांची झाली होती.