प्रतिजैविके आणि रक्ताचा हिशेब

लातूर-नांदेड रस्त्यावरील चाकूरसारख्या तालुक्याच्या गावी ताप चढला की रुग्णाच्या हाती बहुधा प्रतिजैविक पडते. कधी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, तर कधी थेट 'मेडिकल'मधून. बहुतेकांना गुण येतो आणि विषय तेथेच संपतो. मात्र फार थोड्यांच्या बाबतीत हेच औषध रक्तावर आघात करते. हिरड्यांतून रक्त येणे, अंगावर काळेनिळे डाग उठणे, चेहरा पांढराफटक पडणे, लघवी गडद होणे ही त्याची लक्षणे. त्यांचा संबंध आधी घेतलेल्या औषधाशी जोडला जात नाही, ही खरी चिंतेची बाब आहे.

या धोक्याची ओळख जुनी आहे. विषमज्वरावर रामबाण ठरलेले क्लोरॅम्फेनिकॉल १९४९ मध्ये वापरात आले आणि १९५२ मध्येच अमेरिकेत त्याविषयी इशारा द्यावा लागला. सुमारे २५ ते ४० हजारांत एखाद्या रुग्णाची अस्थिमज्जा या औषधाने निकामी होते. हा परिणाम औषध थांबवल्यावर काही आठवड्यांनी, प्रसंगी महिन्यांनीही दिसतो. तोपर्यंत गोळ्यांचे पाकीट कधीच फेकून दिलेले असते.

आज सर्रास टोचल्या जाणाऱ्या सेफट्रायॅक्झोनमुळे क्वचित शरीरात स्वतःच्याच तांबड्या पेशी फोडणारी प्रतिद्रव्ये तयार होतात. लहान मुलांमध्ये हा प्रकार काही तासांत जिवावर बेतू शकतो. मूत्रमार्गाच्या संसर्गावरील नायट्रोफ्युरँटॉइन 'जी-सिक्स-पीडी' या विकराची जन्मजात कमतरता असलेल्यांच्या तांबड्या पेशींना अपाय करू शकते. पूर्वी हे औषध वा इंजेक्शन घेतल्यावर असा त्रास झाला होता का, हा एक प्रश्न डॉक्टरांनी विचारला आणि रुग्णाला त्याचे उत्तर देता आले, तर पुढचा अनर्थ टळू शकतो.

लिनेझोलिडचे उदाहरण अधिक बोलके आहे. अल्प मुदतीत सहसा निर्धोक असणारे हे औषध दोन आठवड्यांहून अधिक काळ चालले की प्लेटलेट आणि इतर पेशी घटण्याचा धोका वाढतो. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावर चार औषधांच्या सहा महिन्यांच्या उपचाराला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली. त्यात लिनेझोलिड आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत या औषधाची रोजची मात्रा २६ आठवडे १२०० मिलिग्रॅम ठेवली असता २२ टक्के रुग्णांच्या अस्थिमज्जेवर परिणाम झाला; ६०० मिलिग्रॅमवर हे प्रमाण २ टक्क्यांवर आले. उपचाराचे यश मात्र अनुक्रमे ९३ आणि ९१ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच राहिले. पेशींची मोजणी झाली, तिची नोंद राहिली, म्हणूनच मात्रा कमी करण्याचा मार्ग सापडला, हे येथे लक्षात घ्यायला हवे.

म्हणून प्रतिजैविकांना भिऊन औषध अर्धवट सोडणे हा यावरचा उपाय नव्हे. तसे केल्याने संसर्ग बळावतो आणि जंतू औषधाला निर्ढावतात. उपाय साधे आहेत. लिनेझोलिड दीर्घकाळ चालू असलेल्या रुग्णाची सीबीसी ही रक्ततपासणी ठरल्या वेळी व्हायलाच हवी आणि ती त्याच्या गावाजवळ व्हायला हवी. दर वेळी लातूर गाठायचे म्हटले की मजुरी बुडते आणि तपासणी राहून जाते. सेफिक्झिम, सेफट्रायॅक्झोन यांसारखी औषधे मार्च २०१४ पासून 'एच-१' अनुसूचीत आहेत. त्यांच्या विक्रीची नोंद दुकानदाराने डॉक्टर व रुग्णाच्या नावासह तीन वर्षे जपणे बंधनकारक आहे. हा नियम पाळला गेला, तर त्रास झालेल्या रुग्णाने काय घेतले होते याचा माग लागेल.

दुष्परिणाम कळविण्यासाठी देशात २०१० पासून औषधदक्षता कार्यक्रम सुरू आहे. १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर डॉक्टरच नव्हे, तर रुग्णही माहिती देऊ शकतो. लाखात एखाद्याला होणारा त्रास एकट्या डॉक्टरला जन्मभरात एकदाच दिसेल. देशभरच्या नोंदी एकत्र आल्या तरच त्याचे स्वरूप उमगेल. चाकूरच्या रुग्णाने औषधाची चिठ्ठी व बिल जपून ठेवावे, दुकानदाराने नोंदवही भरावी आणि आरोग्य खात्याने तपासणीची सोय गावाजवळ आणावी. यात मोठ्या खर्चाचे काही नाही; प्रश्न शिस्तीचा आहे.