कर्ज काढून रुग्णसेवा

इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेचा दाखला आपण समाजवादी मंडळी दोन-तीन पिढ्या देत आलो आहोत. ५ जुलै १९४८ रोजी मजूर पक्षाच्या मंत्रिमंडळातील अॅन्युरिन बेव्हन यांनी ती उभी केली आणि तीन वर्षांच्या आत, कवळ्या व चष्मे यांच्यावर आकार बसविण्याचे ठरताच, त्यांनी मंत्रिपदावर पाणी सोडले. एवढ्याशा आकारासाठी राजीनामा कशाला, असे तेव्हा पुष्कळांना वाटले. भिंतीला पडलेली पहिली भेग बेव्हन यांना दिसली होती, इतरांना ती दिसायला वेळ लागला. अशीच एक भेग नोव्हेंबर २०१५ मध्ये पडली. तिची चर्चा आपल्याकडे जवळजवळ झालीच नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

हुजूर पक्षाचे अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनी त्या महिन्यात जाहीर केले की, परिचारिका, सुईणी, भौतिकोपचारतज्ज्ञ इत्यादींच्या पदवी अभ्यासक्रमांना मिळणारे विद्यावेतन ऑगस्ट २०१७ पासून नव्या विद्यार्थ्यांना बंद होईल. तोवर त्यांची फी सरकार भरत असे, प्रत्येकाला वर्षाला एक हजार पौंड मिळत आणि घरच्या उत्पन्नानुसार आणखी काही रक्कम मिळे. यापुढे फीही कर्जाने आणि पोटही कर्जाने. जानेवारी २०१६ मध्ये विद्यार्थिनींनी लंडनच्या रस्त्यांवर मोर्चा काढला, पण निर्णय टळला नाही.

विद्यावेतन म्हणजे सरकारची मेहेरबानी, असा समज यामागे होता. तो मुळातच खोटा आहे. पूर्वी शिकाऊ परिचारिका ही रुग्णालयाची नोकर असे आणि तिला पगार मिळे. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून हे शिक्षण रुग्णालयाकडून महाविद्यालयांकडे गेले, तेव्हा पगाराच्या जागी विद्यावेतन आले. म्हणजे ते श्रमाच्या मोबदल्याचेच उरलेले रूप होते. आजही या पदवीच्या ४,६०० तासांपैकी २,३०० तास प्रात्यक्षिक शिक्षणात काढावे लागतात. रात्रपाळ्या कराव्या लागतात, बेडपॅन उचलावे लागतात, मरणाऱ्या माणसाचा हात धरून बसावे लागते. इतर विद्यार्थी सुटीत दुकानात काम करून चार पैसे मिळवतात, हिला ती सवडही नसते. काम करावयाचे आणि त्या कामासाठी वर फी भरावयाची, असा हा व्यवहार आहे.

अर्थशास्त्राचा जुना मास्तर म्हणून हिशेबाकडे वळतो. २०१७ साली वार्षिक फी ९,२५० पौंड होती, म्हणजे तीन वर्षांची २७,७५०, निर्वाहाचे कर्ज वेगळे. शिक्षण चालू असतानाच व्याजाचा दर ६.१ टक्के. नव्या परिचारिकेचा पगार मात्र वर्षाला सुमारे २२,१०० पौंड. परतफेड २१,००० च्या वरील उत्पन्नावर ९ टक्के, म्हणजे पहिल्या वर्षी जेमतेम शंभर पौंड! या गतीने मुद्दल फिटणे दूरच, व्याजही निघत नाही. तीस वर्षांनी उरलेली बाकी सरकारनेच माफ करावयाची, अशी तरतूद होती. मग सरकारने वाचविले काय? गोम हिशेबनिशीत होती. विद्यावेतन हा खर्च म्हणून तुटीत दिसे, दिलेले कर्ज दिसत नसे. बुडणार हे ठाऊक असलेले कर्ज येणे म्हणून मिरवावयाचे आणि तूट कमी केल्याची शेखी मारावयाची! डिसेंबर २०१८ मध्ये तिथल्याच सांख्यिकी कार्यालयाने ही रीत बदलली आणि न फिटणारा भाग खर्चातच धरावा असे ठरविले. तोवर नुकसान होऊन गेले होते. २०२३ पासूनच्या नव्या विद्यार्थ्यांसाठी माफीची मुदत चाळीस वर्षांवर नेली आहे, म्हणजे विशीतली मुलगी साठीपर्यंत ऋणको.

विद्यावेतन काढले की दहा हजारांपर्यंत जादा जागा निर्माण होतील, असे आश्वासन होते. पहिल्याच वर्षी इंग्लंडमधून परिचर्येसाठी अर्ज करणाऱ्यांची संख्या २३ टक्क्यांनी घटली. प्रत्यक्ष प्रवेश त्या प्रमाणात घटले नाहीत, कारण पूर्वी जागांपेक्षा उमेदवार कितीतरी अधिक असत, हे मान्य केले पाहिजे. पण वाढही झाली नाही. सर्वांत जास्त मागे हटल्या त्या पंचविशीपुढील, संसार सांभाळून या व्यवसायात येऊ पाहणाऱ्या बाया. मनोरुग्ण आणि मतिमंद यांच्या परिचर्येला अशाच अनुभवी बायांचा आधार असतो. स्कॉटलंडने विद्यावेतन चालूच ठेवले. वेल्सने शिक्षणानंतर दोन वर्षे वेल्समध्येच सेवा करण्याच्या अटीवर ते ठेवले. ही अट मला न्याय्य वाटते. समाजाने शिकविले, समाजाची सेवा करा, असा तो साधा करार आहे.

शेवटी सप्टेंबर २०२० पासून इंग्लंडच्या सरकारलाही वर्षाला ५,००० पौंडांचे परत न करावयाचे अनुदान द्यावे लागले. फी कर्जावरच राहिली. आज गरजू मुलीने पैसा जमवावयाचा तो असा: ते अनुदान, मूल असल्यास आणखी २,००० पौंड, प्रवासखर्चाचा परतावा, आणि फारच अडल्यास कागदपत्रे जोडून ३,००० पर्यंत मदतीची याचना. नोकरी करीत पदवी घेण्याची उमेदवारीची वाट २०१७ पासून निघाली आहे. तीत पगार मिळतो, कर्ज होत नाही. मला ती जुन्या पद्धतीकडे चोरपावलांनी परतण्यासारखी वाटते.

आता आपल्याशी येणारा संबंध. गेली काही वर्षे ब्रिटनच्या नोंदवहीत परदेशांतून दाखल होणाऱ्या परिचारिकांत भारतीय अग्रस्थानी राहिल्या आहेत. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची मुलगी त्यांतलीच. सांगली जिल्ह्यातल्या एका खाजगी महाविद्यालयात ती शिकली. बापाने पतपेढीचे कर्ज काढले आणि आईच्या पाटल्या गहाण पडल्या. इंग्लंडने आपल्या मुलींच्या शिक्षणावरचा खर्च टाळला आणि तयार परिचारिका घेतली, तिची किंमत मात्र कवठेमहांकाळकडच्या एका कोरडवाहू शेतकऱ्याने मोजली. मुलीला दोष कसा द्यावा? इथल्या खाजगी रुग्णालयात तिला जो पगार सांगितला होता, त्यात पतपेढीचा हप्ताही बसत नव्हता.

आपल्या कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यात एवढे तरी विचारावे: खाजगी परिचर्या महाविद्यालयांतील किती मुलींची फी कर्जातून भरली जाते, शासनाची शिष्यवृत्ती त्यांच्या हाती कोणत्या महिन्यात पडते आणि तोवर महाविद्यालय त्यांना परीक्षेला बसू देते की नाही. त्या विद्यार्थ्याकडे मी मागच्या महिन्यात गेलो होतो. पाटल्या सुटल्या आहेत. पतपेढीचे अकरा हप्ते अजून बाकी आहेत आणि ते मुलगी तिकडून पाठविते.